आमचा बॉयलर रात्री का विझतो

अमेरिकेत घर घेताना आपली माणसं काय काय बघतात ते मी जवळून पाहिलं आहे. शाळा कशी आहे, देशी दुकान किती लांब, फोडणी दिली तर छतावरचं धुराचं यंत्र बोंबलेल का. तळघरात उतरून बॉयलर बघणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. मीही बघितला नव्हता. म्हणजे बघितला होता, पण घर दाखवणारी बाई म्हणाली, "अँड दिस इज द बॉयलर," आणि मी मान डोलावून म्हणालो, "आय सी." मेकॅनिकल इंजिनियर असल्यामुळे यापेक्षा जास्त विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये बाकी सगळी देशी मंडळी नव्या वसाहतींत राहतात. तिथे फर्नेस असतो, तो गरम हवा फुंकतो, आणि बिघडला की सगळ्यांचा सारखाच बिघडतो, त्यामुळे एकाला उपाय सापडला की गावाला सापडतो. आम्ही मात्र नदीजवळच्या जुन्या भागात घर घेतलं. आमच्याकडे तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून घरभर फिरतं आणि खिडक्यांखालचे लोखंडी रेडिएटर गरम होतात. बॉयलर गॅसवर चालतो. त्याच्या पोटात एक बोटभर निळी ज्योत कायम जळत असते, तिला पायलट म्हणतात. पायलट जळत असला तर बॉयलर पेटतो, विझला की बॉयलर गार आणि घरही गार. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. मला एवढं कळेपर्यंत निम्मा जानेवारी गेला होता.

मी इंजिनियर आहे म्हणालो, तर त्याचाही खुलासा करायला हवा. फ्रीजच्या दाराला जी रबराची कड असते ती आमची कंपनी बनवते. ती कड पुढच्या वर्षी किती खपेल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. स्क्रू ड्रायव्हर मी शेवटचा हातात घेतला तो कॉलेजात, तोही परीक्षकाने मागितला म्हणून. पण आमच्या नागपूरच्या वस्तीत मी पहिला इंजिनियर, आणि माझ्या आईने, रमाबाई मेश्राम यांनी, गावभर सांगून ठेवलेलं की प्रफुल्ल अमेरिकेत मशिनी चालवतो. ही समजूत मी कधी खोडून काढली नाही. आईच्या आनंदात आपण का मोडता घाला, असा माझा उदात्त विचार होता.

आई ऑक्टोबरात आमच्याकडे आली. बाबा गेल्यावर ती एकटी राहत होती. कायमची ये म्हटलं तर ती ऐकणारी नव्हती, म्हणून निदान उन्हाळ्यापर्यंत तरी राहा, असं मी आणि माझी बायको उपासना यांनी तिला फोनवर विनवून विनवून कबूल करून घेतलं होतं. तिची एकच अट होती. "थंडी सोसली नाही तर मी परत जाणार. मग अडवायचं नाही."

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं घर दाखवलं. डिशवॉशर भांडी घासतो, ड्रायर कपडे वाळवतो, सिंक स्वतःच खरकटं दळून टाकतं. प्रत्येक यंत्रापुढे उभी राहून तिने एकच प्रश्न विचारला, "मग मी काय करू?"

"तू आराम कर," मी म्हणालो.

महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं पोरांना वळण लावलेल्या बाईला मी हे म्हणालो. तिचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. मग ती म्हणाली, "सिलिंडर कुठे ठेवता?" इथे गॅस पाइपने येतो हे सांगूनही तिचं समाधान होईना, म्हणून मी तिला तळघरात नेलं आणि तिथे मात्र माझ्यातला इंजिनियर जागा झाला. गॅस कुठून येतो, कुठे जातो, बॉयलरजवळच्या पाइपवरचा हा पिवळा नळ दांड्याने फिरतो, दांडा पाइपला आडवा केला की गॅस बंद, पाइपच्या रेषेत केला की चालू, हे सगळं मी हातवारे करून समजावलं. आई लक्ष देऊन ऐकत होती. माझं व्याख्यान इतक्या मनापासून आजवर कुणी ऐकलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच.

जानेवारीत थंडीने कहर केला. बाहेर टाकलेलं गरम पाणी जमिनीवर पडेपर्यंत गोठतं असं टीव्हीवर दाखवत होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका सकाळी मी उठलो तर नाक बर्फासारखं गार. आमची दहा वर्षांची हर्षिता पांघरुणासकट जिन्यात बसली होती. "डॅड, इट्स फ्रीझिंग," ती म्हणाली. ती जन्माने अमेरिकन, आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आई नेहमीप्रमाणे पाचला उठून चहा करून मोकळी झाली होती. अंगात दोन स्वेटर, त्यावर माझा जाडा कोट, पायात लोकरी मोजे आणि मोज्यांवर पातळाचा काठ.

"बॉयलर विझला वाटते," आई शांतपणे म्हणाली. "पाहून घे. तू आहेसच."

या 'तू आहेसच'मध्ये माझं काय व्हायचं ते झालं.

तळघरात गेलो. बॉयलरच्या पत्र्यावर पायलट पेटवायच्या सूचना चिकटवल्या होत्या. जमिनीवर पालथं पडायचं, लाल बटण दाबून धरायचं, लांब काडीने ज्योत लावायची आणि काडीची आग हाताला पोचेपर्यंत बटण सोडायचं नाही. तिसऱ्या काडीला पायलट पेटला. बॉयलर हुं करून सुरू झाला. मी वर आलो तेव्हा गुडघे काळे, भुवई किंचित कमी, पण छाती फुगलेली. आईने उपासनाला सांगितलं, "पाहिलं? आमच्या घरी रेडिओ पण हाच दुरुस्त करायचा." मी रेडिओ कधी उघडलादेखील नव्हता. मी चहा प्यालो.

दिवसभर घर उबदार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर विझलेला.

मग रोजचंच झालं. सकाळी विझलेला, मी पेटवला की दिवसभर छान, रात्री आम्ही झोपायला जाईपर्यंत छान, सकाळी परत विझलेला. उपासना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिला पुराव्याशिवाय काही पटत नाही. ती आईसमोर मला 'अहो' म्हणते, एरवी 'प्रफुल्ल' म्हणते, आणि बॉयलर विझायला लागल्यापासून नुसतंच 'हे बघ' म्हणायला लागली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "एखाद्या रात्री खाली जाऊन बसायला हवं कुणीतरी. नक्की कधी विझतो ते तरी कळेल."

"मी इंजिनियर आहे, वॉचमन नाही," मी म्हणालो. हे वाक्य नंतर मला बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.

सल्ला द्यायला पहिला आला शशिकांत. हा मूळचा ठाण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या घरी फर्नेस. बॉयलर त्याने आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिला, पण त्यामुळे त्याच्या मताला काही बाधा आली नाही. "यार, सिंपल आहे," तो म्हणाला. "तुझ्या सिस्टिममध्ये एअर अडकलीये. रेडिएटर ब्लीड कर. एअर निघाली की सगळं रीस्टार्ट होईल." रेडिएटरच्या कडेला एक चिमुकला स्क्रू असतो, तो जरासा सैल केला की आतली हवा सुस्कारा टाकून निघून जाते. जरासा म्हणजे किती हे शशिकांतला ठाऊक नव्हतं. मी तो पुरता काढला. हवा निघाली. मागोमाग कित्येक वर्षांचं काळं पाणी पिचकारीसारखं निघालं आणि माझा शर्ट, दिवाणखान्याची भिंत आणि हर्षिताचा शाळेसाठी केलेला कागदी ज्वालामुखी यांना न्हाऊ घालून गेलं. स्क्रू सोफ्याखाली गेला होता. तो सापडेपर्यंत शशिकांतने भोकावर अंगठा धरला. पाणी बऱ्यापैकी गरम होतं, हे तो अजून सांगतो.

"आता चालेल," तो अंगठा चोखत म्हणाला.

सकाळी बॉयलर विझलेला.

मग मी पुस्तक आणलं. घरातल्या बॉयलरची दुखणी आणि त्यांचे उपाय, चित्रांसकट. त्यात लिहिलं होतं की पायलट वारंवार विझत असेल तर बहुतेक वेळा थर्मोकपलचा दोष असतो. थर्मोकपल म्हणजे तांब्याची एक काडी, ती पायलटच्या ज्योतीत तापत राहते आणि ज्योत गेली की गॅस तोडते, म्हणजे घरात गॅस साचत नाही. दुकानातल्या माणसाने विचारलं, "किती लांबीचं?" मी म्हणालो, "मध्यम." मध्यम लांबीचं थर्मोकपल मिळत नाही. तीन फेऱ्या झाल्यावर योग्य मिळालं, ते मी बसवलं, आणि खरं सांगतो, ते नीट बसलं. पायलटच्या तोंडातली काजळी जुन्या टूथब्रशने साफ केली. ज्योत अशी निळीशार उभी राहिली की मी उपासनाला मुद्दाम खाली बोलावून दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "सकाळी बघू."

सकाळी विझलेला. आई चहा पुढे करत म्हणाली, "काऊन रे, आज पण?"

"हो."

"बाप्पा. भलताच अडेल निघाला तुमचा बॉयलर." मग कपाकडे बघत, "माझे सांधे बोलून राहिले रे. शोभा बुधवारी नागपूरला चालली म्हणते. सोबत होईल मला. रविवारी तिला सांगून टाकीन म्हणते."

आता सोबत ही काय चीज आहे ते ज्यांचे आईवडील परदेशात येतात त्यांनाच कळेल. एकट्या आईला मधल्या विमानतळावर विमान बदलायला लावायचं म्हणजे ती पोचेपर्यंत आपल्याला झोप नाही. कुणी ओळखीचं त्याच विमानाने जाणारं मिळालं की लोक तारखा बदलतात, लग्नं पुढे ढकलतात. शोभाताई गजभिये, म्हणजे आमच्या दिगंबर गजभियेंची बायको, बुधवारी निघणार होती. रविवारी त्यांच्याकडे बुद्धवंदनेला सगळे जमणार होते. आईने रविवारी हो म्हटलं की संपलं. ती गेली असती, आणि पुन्हा येण्याचं नाव काढलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्हाला तिची सवय झाली होती. हर्षिता शाळेतून आली की आधी आजीच्या खोलीत जायची. माझ्याकडे रविवारपर्यंतचा वेळ होता.

मी मान खाली घालून माणूस बोलवायचं ठरवलं. घराबरोबर आम्हाला एक वॉरंटी मिळाली होती. फोन केला. हीटिंग खात्याने विचारलं, यात पाणी असतं का? असतं. मग हे प्लंबिंग. प्लंबिंगने विचारलं, यात जाळ असतो का? असतो. मग हे हीटिंग. असा मी दुपारभर दोन बायांच्या मध्ये टोलवला गेलो. दोघींचं बोलणं इतकं गोड की रागवायलाही जागा नाही. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, माझी आई थंडीने गारठते आहे." तेव्हा हीटिंगवाली म्हणाली की आई वॉरंटीत येत नाही, पण बॉयलर येतो, आणि तिने उद्या दुपारची वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला तेव्हा बॉयलर अर्थातच दणक्यात चालू होता. सकाळी मीच पेटवला होता. 'दोष आढळला नाही' असं सांगून तो गेला. मी पुन्हा फोन केला. तर म्हणे, आमच्या माणसासमोर तो बंद असायला हवा. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो पेटवलाच नाही. हर्षिता शाळेत गेली, उपासना लॅबमध्ये गेली, मी रजा घेतली, आणि मी आणि आई दिवाणखान्यात गोधड्या पांघरून त्या माणसाची वाट बघत बसलो. तो आला, त्याने काडी लावली, पायलट पेटला. आईने त्याला चहा आणि चिवडा दिला. तो चिवडा खात तळघरात बॉयलरसमोर बसून राहिला. बॉयलर त्याच्यासमोर असा शहाण्यासारखा जळत होता की मलाच स्वतःबद्दल शंका यायला लागली. "नाइस ओल्ड बॉयलर," तो म्हणाला, चिवड्याचं नाव विचारलं, आणि गेला. पुन्हा दोष न सापडल्यास आमचं प्रकरण बंद करण्यात येईल, असं कंपनीने मला फार नम्रपणे कळवलं.

"लेकराला त्रास दिला उगाच," आई म्हणाली. हे लेकरू म्हणजे तो मेकॅनिक. मी नव्हे.

शनिवारी शेजारचे मिस्टर हॉफमायर आले. हे निवृत्त गृहस्थ, जन्मापासून याच रस्त्यावर. इतके दिवस ते खिडकीतून माझ्या येरझाऱ्या बघत होते. त्यांचं निदान असं की इथे रात्री नदीकडून वारा सुटतो, तो चिमणीतून उलटा खाली येतो आणि पायलट फुंकून टाकतो. चिमणीवर टोपी बसवली की झालं. टोपी त्यांच्याकडे होती. शिडीही होती. फक्त पाय त्यांच्याकडे नव्हते, म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे पाय माझे.

छपरावर बर्फ होता. मी चढलो, टोपी बसवली, आणि वळून बघतो तर शिडी बाजूच्या झुडपात आडवी झालेली. मग काही काळ मी चिमणीला मिठी मारून बसलो. डब्लिनमधला हा रस्ता एरवी अगदी सुनसान असतो, त्या दिवशी मात्र सगळ्यांना कुत्री फिरवायची होती. प्रत्येक जण थांबून म्हणायचा, "यू ओके अप देअर?" आणि मी म्हणायचो, "फाइन, थँक यू." आई माझाच कोट घालून अंगणात आली. हॉफमायर तिला इंग्रजीत धीर देत होते, ती त्यांना मराठीत सांगत होती, "इंजिनियर आहे तो. मुद्दाम बसला असेल." दोघांचं एकमेकांशी चांगलं जमलं. शिडी उचलायचं दोघांनाही बराच वेळ सुचलं नाही.

सकाळी बॉयलर विझलेला. रविवार उजाडला होता. मी मुकाट्याने खाली गेलो, पालथा पडलो, पेटवला, वर आलो. आईने आज काही विचारलं नाही. तिने पांढरं पातळ काढून ठेवलं होतं आणि उपासनाला सांगत होती की बॅग तशी भरलेलीच आहे, वरचं सामान तेवढं राहिलं. मला इतकं वाईट वाटलं की मी जाऊन उगाचच गाडी पुसली.

दुपारी आम्ही सगळे गजभियेंकडे जायला निघालो. कोट, मफलर, हातमोजे चढवून दारात उभे. खिरीचा डबा उपासनाच्या हातात, फुलं हर्षिताच्या. मी दाराला किल्ली लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. गॅस बंद करून येते."

आणि ती तळघराच्या जिन्याने खाली उतरली.

मी उपासनाकडे बघितलं. उपासनाने माझ्याकडे बघितलं. खालून नळाच्या दांड्याचा कुरकुर आवाज आला.

"शी डझ इट एव्हरी नाइट," हर्षिता म्हणाली. "अँड टर्न्स इट बॅक ऑन बिफोर टी."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"नोबडी आस्क्ड मी."

आपल्याकडे झोपण्याआधी आणि घराबाहेर पडताना सिलिंडरचं बटण बंद करतात. करतातच. आमच्या गल्लीत पहिला गॅस आमच्याकडे आला, तेव्हापासून नागपुरात आईचा एकही दिवस ते बटण बंद केल्याशिवाय मावळला नव्हता. आमच्या शेगडीला तसलं बटण नाही. म्हणून मी इतक्या हौसेने दाखवलेला तो पिवळा नळ तिने लक्षात ठेवला होता. शेगडीची नळी वेगळी आहे, ती त्या नळाच्या अलीकडेच फुटते, हे सांगायचं माझ्या व्याख्यानात राहून गेलं होतं. ऑक्टोबरपासून घरात पाहुणे आले, आमची जागरणं झाली, त्यामुळे शेवटी सगळं बंद करून झोपणारे आम्हीच असायचो, आणि तो नळही आम्हीच बंद करतो असं ती धरून चालली होती. थंडी वाढली, आम्ही लवकर झोपायला लागलो, आणि हे काम तिच्याकडे गेलं. ती रात्री बॉयलरचा गॅस तोडायची, पहाटे नळ उघडून चहा ठेवायची. चहा व्हायचाच. पायलट मात्र गेलेला असायचा.

आई वर आली. चेहऱ्यावर समाधान. "तुम्हा दोघांना तर भानच राहत नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं तुमच्या घरात मशिनी करतात. हे एक काम माझ्याकडे आहे, ते मी चुकवत नाही."

हातमोजे विसरलो म्हणून मी परत आत गेलो, खाली जाऊन नळ उघडला, कोटासकट पालथा पडलो आणि पायलट पेटवला. हातमोजे हातातच होते.

गाडीत उपासना माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. आईला कळू नये असं काही असलं की आम्ही इंग्रजीत बोलतो. "वी हॅव टु टेल हर," ती म्हणाली. "शी इज शटिंग ऑफ द बॉयलर, प्रफुल्ल."

"नो," मी म्हणालो. "दॅट इज द ओन्ली जॉब शी हॅज इन अवर हाउस. इफ वी टेल हर, शी विल डेफिनेटली गो ऑन वेन्सडे."

"अँड इफ वी डोन्ट, शी विल फ्रीझ अँड गो ऑन वेन्सडे."

तेवढ्यात मागून हर्षिताने, आयुष्यात प्रथमच आपण होऊन, स्वच्छ मराठीत विचारलं, "आजी, तुला इंग्लिश कळतं?"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"नाही बाई," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिली.

गजभियेंकडे वंदना झाली. माझं चित्त अजिबात शांत झालं नाही. खीर वाटून झाल्यावर शोभाताईने आईजवळ बसून विचारलं, "मग मावशी, बुधवारचं पक्कं ना? मी सीट शेजारी घ्यायला सांगते." मी हातातल्या वाटीतली खीर उगाच ढवळत राहिलो.

"नाही गं शोभा," आई म्हणाली. "मी राहते उन्हाळ्यापर्यंत. यांच्या घरात लक्ष द्यायला माणूस पाहिजे."

मी खीर सांडली. शशिकांत म्हणाला, "काकू, पण बॉयलर?" आई म्हणाली, "होईल ठीक. प्रफुल्ल आहे ना." तिचा माझ्यावरचा हा विश्वास बघून मला भरून आलं, आणि तिथेच, रिकामी वाटी हातात घेऊन, मी आयुष्यातल्या एकमेव अभियांत्रिकी रचनेचा आराखडा तयार केला.

सोमवारी दुकानातून मी हातभर पाइप आणि एक दांड्याचा नळ आणला. पिवळा रंगही आणला. शेगडीशेजारच्या कपाटात, मागच्या फळीला, मी तो पाइप भक्कम पट्ट्यांनी ठोकून बसवला. वरून कुठून येत नव्हता, खाली कुठे जात नव्हता. मग आईला बोलावून सांगितलं की आता वारंवार तळघरात उतरायला नको, गुडघे दुखतात तुझे, म्हणून सगळा गॅस या नळावर आणला आहे. रात्री हा बंद कर, सकाळी उघड. तळघरातल्या नळाला अजिबात हात लावू नकोस. आईने वाकून नळ पाहिला. दांडा आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. "चांगलं केलं," ती म्हणाली. उपासना फ्रीजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होती, ते तिला बराच वेळ सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर चालू होता. तिसऱ्या दिवशीही. मग कधीच विझला नाही. आईने नागपूरला फोन करून मावशीला सांगितलं की प्रफुल्लने इथला बॉयलर दुरुस्त केला, कंपनीच्या माणसाला दोनदा येऊन जमलं नव्हतं. हॉफमायर सगळ्यांना सांगायचे की ती चिमणीची टोपी. शशिकांत म्हणायचा, हवा. मी कुणालाच काही म्हणालो नाही. रोज झोपायच्या आधी कपाट उघडून आई दांडा आडवा करायची, तो आवाज मला वर ऐकू यायचा आणि शांत झोप लागायची. आपण आईला फसवतोय याची टोचणी होती, पण आपण तिला राखलं याचा अभिमान जास्त होता.

एप्रिलात, चौदा तारखेच्या कार्यक्रमाला न्यायला म्हणून, आईने सकाळपासून स्वयंपाक काढला होता. मी मीठ घ्यायला त्या कपाटात हात घातला आणि थबकलो. पिवळा नळ बंद होता. दांडा आडवा. आणि वर शेगडीवर चारही बर्नर जोरात जळत होते, एकावर तेल तापत होतं.

मी नळाकडे बघितलं, जाळाकडे बघितलं, आईकडे बघितलं. ती पुऱ्या लाटत होती.

"आई, नळ बंद आहे."

"हो का? उघडायचा राहिला वाटते."

"मग गॅस कसा पेटला?"

"ते मला काय माहीत," आई म्हणाली. "इंजिनियर तू आहेस ना?"

मी मिठाची बरणी घेऊन उभाच राहिलो. तिने एक पुरी तेलात सोडली, ती फुगेपर्यंत झाऱ्याने दाबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीस वर्षं शाळेत होती मी. इंग्रजी बोलता येत नाही मला. कळत नाही असं कधी म्हटलं?"

"पण हर्षिताला तू..."

"नाही म्हटलं तेव्हा तुम्ही मोकळे बोलून राहिले होते. हो म्हटलं असतं तर गप्प बसले असते." तिने पुरी उलटली. "थंडी अमेरिकेची असती तर मी गेली असती रे. पण ती तर माझीच निघाली. मी नळ बंद करणं सोडलं की संपली. मग बुधवारी कशाला जाऊ?"

"मग हा नळ रोज का फिरवत होतीस?"

"तू एवढा कपाटात शिरून, पाठ मोडून बसवला. मी फिरवला की तुला बरं वाटते. झोप लागते तुला." मग तिने ताट पुढे सरकवलं. "हे घे, गरम आहे तोवर खा. आणि उपासनाला सांगू नको मला माहीत आहे म्हणून. ती पण लई जपून वागते माझ्याशी."

मी उपासनाला सांगितलं. तिने ते आधीच ओळखलं होतं. हर्षितालाही माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात चांगली सोबत मिळाली आणि आई नागपूरला गेली. पुढच्या हिवाळ्यात येते म्हणाली आहे, आपण होऊन. कपाटातला पाइप काढून टाकायचं उपासनाने एकदा सुचवलं, पण तो मी इतका भक्कम ठोकला आहे की भिंतीसकट निघेल. रविवारी आईचा फोन येतो. सगळ्यांची चौकशी झाली की शेवटी, फोन ठेवता ठेवता, ती विचारते, "गॅस बंद केला का?"

मी हो म्हणतो. आणि आईशी खोटं बोलायला नको म्हणून फोन ठेवल्यावर उठतो, कपाट उघडतो आणि दांडा आडवा करून येतो.